पत्ता बदललास, पाटी लावलीस का?

काल रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. ‘ताई, सगळं गेलं. गुगलवर माझी चकलीसुद्धा दिसत नाहीये.’ पाठोपाठ तीन रडके चेहरे. तेव्हाच उत्तर देणार होते, पण म्हटलं, मध्यरात्री सांगितलेलं सकाळी कुणाला आठवतंय! म्हणून आत्ता चहा घेऊन निवांत बसले आहे. तूही बस. आणि आधी एक ऐक. काहीही गेलेलं नाही. आठ वर्षं लिहिलेल्या तुझ्या पाककृती जागच्या जागी आहेत. तू घर बदललंस आणि शोधत येणाऱ्यांना ते अजून नीट कळलेलं नाही, एवढंच झालंय.

नाव बदललंस ते योग्यच केलंस गं. पत्त्यात ‘होस्टेल’ होतं, आणि तू आता दोन मुलांचे डबे भरतेस. किती दिवस ते नाव मिरवणार होतीस? फक्त घाई केलीस. नवं डोमेन घेतलंस, सामान हलवलंस, दिवा लावलास आणि झोपलीस.

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली ना, तेव्हा माझ्या आईने काय केलं सांगते. दारावर नव्या पत्त्याची पाटी लावली. वॉचमनच्या हातात चिठ्ठी दिली. गॅसवाला, पेपरवाला, एलआयसीचा एजंट, सगळ्यांना स्वतः सांगितलं. आणि मग म्हणाली, ‘आता पंधरा दिवस चुकामूक होईल, होऊ दे.’ बघ, तुला जे करायचंय ते याच क्रमाने करायचंय. पाटी, चिठ्ठी, निरोप, आणि मग धीर. शेवटचं सगळ्यात अवघड, ते मला ठाऊक आहे.

पण पाटीच्याही आधी एक खात्री कर. नव्या साइटच्या वर्डप्रेसमध्ये जा, सेटिंग्ज उघड, त्यात रीडिंग. तिथे खाली एक चौकोन असतो, शोधयंत्रांनी या साइटकडे फिरकू नये असं सांगणारा. साइट उभारताना आपण तो टिकमार्क करतो, अर्धवट घर कुणी बघू नये म्हणून. आणि खरं सांगू का, काढायचं विसरतो. मी विसरले होते, तीन आठवडे! रोज सकाळी उठून गुगलला शिव्या घालत होते आणि आतून कडी मीच लावलेली. नवऱ्याने एका मिनिटात शोधून काढलं आणि पुढे सहा महिने त्याचं भांडवल केलं. तर तो चौकोन रिकामा आहे ना, ते बघ. एसईओचं एखादं प्लगइन असेल तर त्यातही ‘नोइंडेक्स’ कुठे राहिलंय का ते तपास.

आता पाटी. तिचं तांत्रिक नाव ३०१ रिडायरेक्ट. आकड्याला घाबरू नकोस. ३०१ म्हणजे ‘कायमचे तिकडे राहायला गेलो’. याचंच एक भावंड आहे ३०२, त्याचा अर्थ ‘सध्या तिकडे आहोत, येऊ परत’. माहेरी बाळंतपणाला गेलेल्या मुलीचा पत्ता ३०२, सासरचा ३०१, असं लक्षात ठेव. तुला ३०१ हवाय. होस्टिंगवाल्यांना फोन करशील तेव्हा हा आकडा स्पष्ट सांग, ‘रिडायरेक्ट करून द्या’ एवढंच मोघम बोलू नकोस.

तुझं नशीब चांगलं की तुझ्या पत्त्याचा फक्त पहिला भाग बदललाय, मागचा सगळा तसाच आहे. त्यामुळे जुन्या होस्टिंगवरच्या एचटीअ‍ॅक्सेस नावाच्या फाइलमध्ये दोन-चार ओळी घातल्या की प्रत्येक जुनं पान आपापल्या नव्या पानावर जातं. त्या ओळी होस्टिंगची मदत करणारी मुलं घालून देतात, तू फक्त मागे लाग. डोमेन विकणाऱ्यांकडे ‘फॉरवर्डिंग’ नावाचं एक बटण असतं, त्यावर मात्र भाळू नकोस. काही ठिकाणी ते फक्त मुख्य पान पुढे पाठवतं, आतली पानं तशीच लटकतात. आधी विचारून घे.

जुनं प्रत्येक पान त्याच्याच नव्या पानावर गेलं पाहिजे, हे मी इतकं बजावून का सांगतेय? कारण मी उलटं केलं होतं. माझं पहिलं बिऱ्हाड ब्लॉगस्पॉटवर. तिथे मराठी मथळा दिला की पत्त्यात तो मथळा येतच नसे, नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे कसला तरी आकडा. दीडशे पाककृती आणि सगळ्यांची नावं तीच! वर्डप्रेसवर आल्यावर मी आकडे जुळवायला बसले. पोरगी मांडीवर, एका हातात माउस. थालीपिठावर बोट ठेवलं की खरवस उघडायला लागला. शेवटी वैतागून सगळेच्या सगळे जुने पत्ते मुख्य पानावर वळवून टाकले आणि स्वतःवर खूश झाले. तसं कधी करू नकोस गं. थालीपीठ शोधणाऱ्याला मुख्य पान दाखवलं की गुगल ते ‘पान सापडलं नाही’ असंच धरतं. त्या पानाने वर्षानुवर्षं कमावलेली पत मग नव्या पानाकडे येतच नाही. बाई थालीपिठासाठी आलेली, तिला दिवाणखान्यात बसवून ठेवलं तर ती उठून जाणारच ना!

म्हणून एक यादी कर. जुन्या साइटच्या सर्च कन्सोलमध्ये गेल्या सोळा महिन्यांचा हिशोब असतो. त्यात कोणत्या पानावर गुगलवरून किती जण आले ते दिसतं. ती पानं एका शीटमध्ये उतरवून घे. काही जुनी पानं तिथे नसतील तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर तुझा जुना पत्ता टाकून बघ, कुठल्या वर्षी काय होतं ते बऱ्याचदा सापडतं. मग सगळ्यात जास्त वाचली जाणारी पंचवीस-तीस पानं एकेक करून उघड. जुना पत्ता टाकायचा, नव्या जागी बरोबर पोचतो का बघायचं, शेजारी बरोबरची खूण. हे इनकॉग्निटो खिडकीत कर, कारण ब्राउझर जुना रिडायरेक्ट लक्षात ठेवतो आणि आपल्याला उल्लू बनवतो. मी एकदा दोन तास न बिघडलेली गोष्ट दुरुस्त करत होते.

तपासताना जुना पत्ता चार तऱ्हांनी टाकून बघ. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि त्याशिवाय, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस. चारही एका उडीत नव्या घरी आले पाहिजेत. आधी इकडे, मग तिकडे, मग नवीन, अशा तीन-तीन कोलांट्या नकोत. आणि जुन्या डोमेनचं एसएसएल सर्टिफिकेट चालू ठेव. ते संपलं की जुनी लिंक दाबणाऱ्याला आधी लाल इशारा दिसतो. पाटी वाचायच्या आतच माणूस पळून जातो.

यादी करताना एक गंमत दिसेल. तुझे मराठी पत्ते कॉपी केलेस की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक आगगाडी येईल. घाबरू नकोस, काही बिघडलेलं नाही. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर वेगळं आणि प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, आणि पत्त्यात त्या एकेकाची नऊ चिन्हं होतात. एकटी ‘पुरणपोळी’ ७२ चिन्हं खाते! वर्डप्रेस पत्त्यातल्या त्या भागाला २०० चिन्हांचीच जागा देतं. म्हणून तुझं ते ‘उकडीचे मोदक फुटू नयेत म्हणून’ पत्त्यात ‘म्ह’वर येऊन थांबलंय. मला माहितीये, ते बघून तुला आत्ताच सगळे पत्ते छोटे, सुटसुटीत, इंग्रजी अक्षरांत करावेसे वाटतील. हात आवर! आधीच घर बदललंय, त्यात मुलांची नावं बदलू नकोस. एका वेळी एकच बदल. थीम, मथळे, विभाग, काही म्हणजे काही हलवायचं नाही. नाहीतर पुढे काही घसरलं तर कशामुळे घसरलं हे तुलाच कळणार नाही.

पाटी झाली. आता वॉचमनची चिठ्ठी. सर्च कन्सोलमध्ये जुनी आणि नवी, दोन्ही साइट एकाच गुगल खात्यातून नोंदवलेल्या असायला हव्यात. मालकी सिद्ध करताना डोमेनच्या डीएनएसमध्ये एक ओळ घालायचा पर्याय असतो, तोच निवड. पानात चिकटवलेली खूण रिडायरेक्टनंतर सापडेनाशी होऊ शकते. मग जुन्या साइटच्या सेटिंग्जमध्ये जा. तिथे ‘चेंज ऑफ अ‍ॅड्रेस’ म्हणून सोय आहे. नवा पत्ता निवड. गुगल आधी मुख्य पानाचा आणि नमुन्यादाखल काही पानांचा ३०१ तपासतं, म्हणून हे पाटीनंतरच करायचं. ते झालं की १८० दिवस गुगल जुन्याचा मान नव्याकडे वळवत राहतं. बघ, एवढी सोय आहे आणि आपल्यापैकी निम्म्याजणी तिथपर्यंत जातच नाहीत. मी तरी कुठे गेले होते? मला वाटायचं, हे कन्सोल वगैरे कंपन्यांसाठी असतं, आपण काय, चार पाककृती लिहिणारी बाई.

चिठ्ठी दिल्यावर एक आगाऊपणा करू नकोस. जुनी पानं गुगलमध्ये अजून दिसतात म्हणून ती काढून टाकायच्या मागे लागू नकोस. ‘रिमूव्हल्स’ नावाचं हत्यार तिथेच ठेवलेलं असतं आणि ते दिसलं की हात शिवशिवतात. ते यासाठी नाही. तसंच जुन्या साइटवर रोबोट्स फाइलमध्ये गुगलला बंदी घालू नकोस. अगं, गुगलचा बॉट तिथे आलाच नाही तर तुझी पाटी वाचणार कोण? जुनी पानं हळूहळू आपोआप मागे पडतात आणि त्यांच्या जागी नवी येतात. पडू दे.

आता घरातल्या घरात आवराआवर. तुझ्या प्रत्येक पाककृतीत ‘चटणीसाठी इथे बघा’, ‘भाजणी अशी करा’ अशा लिंका आहेत. त्या अजून जुन्या पत्त्याकडे बोट दाखवत असतील. एका प्लगइनने सगळ्या एकदम बदलता येतात, पण त्याआधी बॅकअप घे. मी घेतला नव्हता. पुढचं विचारू नकोस. मग कॅनॉनिकल नावाची खूण बघ. २००९ साली गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ती आणली. एकाच मजकुराचे अनेक पत्ते असतील तर खरा कोणता, हे ती सांगते. नव्या पानाची कॅनॉनिकल जर जुन्याच पत्त्याकडे जात असेल तर तू एका तोंडाने ‘या’ म्हणतेस आणि दुसऱ्या तोंडाने ‘इथे नाही, तिथे’. एसईओ प्लगइन हे बहुतेक वेळा आपणहून सांभाळतं, तरी दोन-तीन पानं उघडून तपास. शेवटी नवा साइटमॅप सर्च कन्सोलमध्ये दे. बिंगलाही कळव. बिंगच्या वेबमास्टर टूल्समध्ये गुगलच्या सर्च कन्सोलवरून साइट थेट आणता येते, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि माणसांना निरोप! इन्स्टाग्राम, फेसबुकचं पान, यूट्यूबच्या प्रत्येक व्हिडिओखालची लिंक, व्हॉट्सअ‍ॅपच्या बायकांच्या ग्रुपचं वर्णन. ज्या मैत्रिणींनी आपल्या साइटवर तुझ्या पाककृतींची लिंक दिली आहे, त्यांना दोन ओळी लिही, ‘एवढा पत्ता बदलशील का गं?’ बहुतेकजणी आनंदाने बदलतात. जाहिरातींचे चार पैसे येत असतील तर अ‍ॅडसेन्समध्ये नवी साइट जोडावी लागते आणि ती मंजूर व्हावी लागते. वाचक परत आले आणि पैसे मात्र बंद, असं व्हायला नको. तुझ्या पार्लेवाल्या काकूंनाही कळव. त्या गुगलवर शोधत नाहीत, तुला फोन करून लिंक मागतात, पण त्यांनाही बरं वाटेल.

इथपर्यंत आलीस की तुझं काम संपलं. आता पंधरा दिवसांची चुकामूक. खरं तर थोडी जास्तच. आपल्यासारख्या मध्यम साइटची बहुतेक पानं हलायला काही आठवडे लागतात. त्या काळात आकडे वर-खाली नाचतात. आज चकली पहिल्या पानावर, उद्या गायब, परवा परत. यात तुझा दोष नाही आणि काही उपायही नाही. फार तर तुझी लाडकी दहा पानं ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मध्ये टाकून नोंदवायची विनंती कर. रोज थोड्याच विनंत्या करता येतात, त्यामुळे सगळी दोनशे पानं टाकत बसू नकोस. आठवड्यातून एकदा, समजा रविवारी, दोन आलेख शेजारी शेजारी उघड. जुन्याचा उतरतोय आणि नव्याचा चढतोय? मग सगळं नीट चाललंय. जुन्याचा उतरतोय आणि नव्याचा जागचा हलत नाही, तर पाटीत कुठेतरी गडबड आहे. तेव्हा मला फोन कर, रात्री बाराला नको.

आणि बाई, पंचांग बघायला विसरू नकोस! दिवाळी संपल्यावर घर बदललंस हे फार शहाणपणाचं केलंस. मी गणपतीच्या आठ दिवस आधी बदललं होतं. अख्ख्या वर्षातली मोदकांची गर्दी दुसऱ्यांच्या दारात गेली. पण यातून एक गोष्ट निघते. तू आत्ताच्या आकड्यांची तुलना ऑक्टोबरशी करतेयस. फराळ संपल्यावर चकली कोण शोधणार? तुझी घसरण सगळी पत्त्यामुळे नाही, निम्मी-शिम्मी ऋतूमुळे असेल. गेल्या वर्षीच्या याच आठवड्याशी ताडून बघ, मन थोडं खाली बसेल. संक्रांत जवळ आली की तिळगूळ, गुळाची पोळी वर यायला लागते. ती पानं आत्ताच एकदा वाचून काढ, फोटो उघडतात का बघ. काळजी करायचीच असेल तर अशी उपयोगाची कर.

मधेच तुला फोन येतील. ‘मॅडम, सात दिवसांत गुगलवर पहिला नंबर.’ ठेवून दे फोन. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलनेच सांगून ठेवलंय. आणि त्यांनी विकत आणलेल्या शेकडो भंगार लिंका नंतर आपल्यालाच निस्तराव्या लागतात. त्या पैशांची एखादी चांगली कढई घे.

आता शेवटचं, आणि हे नीट ऐक. जुन्या घराची किल्ली सोडू नकोस. गुगल म्हणतं, रिडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा. मी म्हणते, जमेल तितकी वर्षं ठेव. मी माझं एक जुनं डोमेन, ‘आता कोण येतंय तिथे’ म्हणून, पुढे भरलंच नाही. वर्षाचे हजारभर रुपये वाचवले, हुशार ना मी! काही महिन्यांनी नणंदेचा फोन, ‘वहिनी, तुमच्या अनारशांवर टिचकी मारली तर रमी खेळायला बोलावतायत.’ कुणीतरी ते नाव उचललं होतं. आठ-दहा ठिकाणी माझ्या अनारशांची लिंक होती आणि प्रत्येक ठिकाणी पत्त्यांचा डाव मांडलेला. एका शाळेच्या मासिकातसुद्धा तो पत्ता छापलेला, तो काय खोडरबरने पुसणार? त्या डोमेनवरचा माझा ईमेल गेला तो वेगळाच. वेब ज्याने उभं केलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी पत्ते बदलूच नयेत असं १९९८ सालीच लिहून ठेवलंय. मी ते वाचलं तोवर माझी तीन बिऱ्हाडं होऊन गेली होती.

तर आज रात्री एवढंच कर. तो रीडिंगमधला चौकोन रिकामा आहे का बघ, आणि होस्टिंगवाल्यांना ३०१ साठी एक मेल टाक. बाकीचं उद्यापासून, रोज मुलं झोपल्यावर अर्धा तास. दोनशे पाककृती एकटीने लिहिल्यास तू, कडेवर पोर घेऊन. हे त्याहून सोपं आहे, नुसतं कंटाळवाणं आहे. आणि झोपायच्या आधी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढ, जुन्या डोमेनचे पैसे भरायची तारीख शोध आणि तिथे लाल पेनाने गोल कर. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. तिथलं काही तू कधी विसरत नाहीस.